खुनी कोण ते सांगू नका

...आणि वर ही पोरं मलाच विचारतात, ‘काका, तेच तेच काळे-पांढरे सिनेमे काय बघता हो सारखे?’ आता काय सांगायचं, तुम्हीच सांगा. अहो, हॅटवाला डिटेक्टिव्ह, भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यांची सावली, हातमोजे घातलेली एक बाई जी जन्मात खरं बोलत नाही, आणि पहिल्याच रिळात मुडदा... माणूस जागचा हलेल का? फक्त एक करा, खुनी कोण ते सांगू नका.

हेच आमच्या हिला कधी कळलं नाही. मुडदा अजून गार व्हायचाय आणि ही भाजी निवडता निवडता, मान वर न करता, ‘तो मिशीवाला. फार विचारपूस करतोय.’ झालं! मी म्हणायचो, अगं, निदान पोलिसांना तरी येऊ दे... तर म्हणायची, ‘येऊ देत की, मी कुठं अडवलंय?’ मग पैज लागायची, हरेल त्यानं चहा करायचा. आणि शेवटी निघायचा कोण? मिशीवाला. तुम्हाला सांगतो, लग्न झाल्यापासून सिनेमानंतरचा चहा मीच केलाय.

तर तो शेवटचा सिनेमा. श्रीमंत म्हातारा जिन्यावरून पडून मेलेला, मी म्हणालो वकील, ही म्हणाली डॉक्टर, आणि मध्येच म्हणते, ‘बंद करा, दम लागतोय. उरलेला उद्या बघू.’ उद्या उजाडला तो दवाखान्यात. तिथं नाकात नळी, आणि मला खुणेनं जवळ बोलावते. मला वाटलं, काहीतरी जिवाभावाचं सांगणार... तर म्हणे, ‘डॉक्टरच आहे. बघा तुम्ही.’ शेजारी खरा डॉक्टर उभा, तो बिचारा दचकला. नर्स हसली, ही हसली, मीही हसलो. त्यानंतर आम्ही दोघं मिळून हसलो नाही.

गेली ती. मी विचारलं, कशामुळे हो? तर डॉक्टर म्हणाले, ‘वय झालं होतं, हृदय थकलं. कुणाचाच दोष नाही, काका.’ दोष नाही? अहो, त्या सिनेमात कोण कुठला म्हातारा, त्याच्यासाठी भर पावसात माणसं धावतात, दारं ठोठावतात, शेवटी एकाला सगळ्यांसमोर उभं करून सांगतात, बाबा रे, हे तू केलंस. म्हणून तर बघतो मी ते. आणि इथं माझं माणूस गेलं, तर कुणाला साधा जाब विचारायची सोय नाही?

सिनेमा राहिला अर्धाच. वरच्या मजल्यावरचे मास्तर भेटायला आले, ‘तो ना, पाहिलाय मी, त्यात खुनी म्हणजे...’ मी दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हटलं, आलात, बसा, पाणी घ्या, पण खुनी कोण ते सांगू नका. कारण खुनी सापडला की सिनेमा संपला. आणि तो संपत नाही तोवर ही आपली आत भाजी निवडतेय, उरलेला उद्या बघणारेय... वेडेपणा आहे, कळतं मला.

परवा लेक आली. म्हणाली, ‘बाबा, पुरे आता. मी बसते शेजारी.’ लावला तिनं. मी उशी पोटाशी धरून बसलो. जिना आला, पाऊस आला, हातमोजेवाली बाई रडली, डॉक्टरवर सगळ्यांचा संशय, मी मनात म्हणतोय, जिंकलीस बाई याही वेळेला... आणि काय सांगू तुम्हाला, वकील! वकील निघाला हो! (घ्या, मीच सांगून बसलो. माफ करा.) मी ताडकन उठलो, स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, ‘बघ, वकील! टाक आता चहा!’

लेकीनं तोंड फिरवलं, म्हणाली, ‘बाबा, मी करते.’ म्हटलं, नको, तू बस.

गेलो आत, गॅस पेटवला. आयुष्यात एकदा जिंकलो हो... तरी चहा माझ्याच गळ्यात.