एका दगडाचे दोन मालक

...आणि वर हा पर्विस न्हावी माझ्या मानेवर वस्तरा ठेवून मलाच विचारतो, "काय प्रोफेसर, आमचा क्वार्टरबॅक घालवलात म्हणे?" आता मानेवर वस्तरा असताना माणूस काय बोलणार? मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. झालं, अख्खं दुकान माझ्याकडे वळून बघायला लागलं. बरं, केस अर्धेच कापलेले, उठून जाताही येईना! तुम्हाला सांगतो, एकवीस वर्षं या गावात भूगर्भशास्त्र शिकवतोय मी, एकानं कधी विचारलं नाही की बाबा रे, तुझे दगड कसे आहेत. आणि वर्षभर झालं, चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर, उकडलेल्या शेंगांच्या गाडीवर... जो तो म्हणतो, एका दगडापायी पोरगा घालवला.

बरं, दगडापायीच म्हणा. दरवर्षी मी पोरांना कॉलेजमागच्या ओढ्यावर पाठवतो. प्रत्येकानं एक दगड उचलायचा, मोजायचा, तोलायचा आणि त्यावर चार पानं लिहायची. आता हे काय चोरायचं काम आहे? ओढ्यात दगडांचा दुष्काळ पडलाय का? पण कोल्टन रॅडर, आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे हातानं चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा गडी, ज्याच्या हसऱ्या तोंडाचे फलक हायवेवर लागलेत, तो कशाला बूट भिजवतोय! नोव्हेंबरातला मंगळवार, मी पेपर तपासतोय, तर कोल्टनचा दगड तीनशे बारा ग्रॅम, उजव्या कोपऱ्याला टवका, मधोमध शिंपल्याचा ठसा. पुढचा पेपर एमेट पूलचा. तीनशे बारा ग्रॅम... टवका... शिंपला. फरक एवढाच, एमेटनं दगड सोबत आणून दिला होता, रुमालात गुंडाळून.

एमेट कोण, असंच विचारणार ना? सगळे हेच विचारतात. तोही त्याच संघात. चेंडू फेकायचा, पण पुढं नाही, मागं. वाकायचं, दोन पायांमधून मागं किक मारणाऱ्याकडे चेंडू फेकायचा आणि लगेच अंगावर येणारे धटिंगण अडवायचे. एका मॅचमध्ये सात-आठ वेळा, बाकी वेळ बाकावर. पण माझ्या वर्गात हा एकटाच पोरगा तास संपल्यावर थांबायचा हो. "सर, समुद्र इथून चार तासांवर, मग हा शिंपला आला कसा?" त्याला शाळेत विज्ञान शिकवायचं होतं. एकवीस वर्षांत असा एक विद्यार्थी मिळाला मला, एक.

तर आमच्याकडे नियम असा की चोरी सापडली की त्याच दिवशी समितीला कळवायचं. मी अर्ज काढला, दोघांची नावं लिहिली, तारीख लिहिली... आणि नजर गेली कॅलेंडरवर. अकरा दिवसांवर आमच्या कट्टर वैरी कॉलेजशी मॅच! अहो, या एका मॅचपायी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सख्खे भाऊ एकमेकांना ग्रेव्ही देत नाहीत. नऊ वर्षं आम्ही हरत आलेलो. अर्ज गेला की क्वार्टरबॅक बाहेर. मी अर्ज खणात टाकला. म्हटलं, पेपर जरा नीट ताडून बघू. काय ताडणार होतो मी? दगडाचं वजन वाढणार होतं?

जिंकलो आम्ही. जांभळा स्वेटर घालून मीही तिथंच होतो, ओरडून ओरडून घसा बसला. त्या बसलेल्या घशानंच सोमवारी तोच अर्ज दिला. समितीनं पुढच्या मंगळवारी दोघांना बोलावलं, आणि आदल्याच दिवशी ते पोर्टल उघडलं. कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूनं त्यात नाव टाकायचं, की देशभरचे कोच स्थळं आल्यासारखे दारात उभे. कोल्टननं सकाळी नाव टाकलं, संध्याकाळी गडी टेक्सासात! समिती म्हणाली, जो आपला विद्यार्थीच राहिला नाही त्याला काय करणार? नियम म्हणजे नियम.

उरला एमेट. तो तर बोलावणं आलं त्याच दिवशी माझ्या खोलीत येऊन कबूल करून गेला होता. मी विचारलं, का दिलंस रे? तर मान खाली घालून म्हणतो, "त्यानं मला नावानं हाक मारली, सर. तीन वर्षांत पहिल्यांदा." समितीच्या मिसेस हॉलिस चष्मा पुसत, अगदी गोड आवाजात, "हे बघा, उतरवणारा आणि उतरवू देणारा, आमच्याकडे दोघांना शिक्षा सारखीच." सारखीच! एक टेक्सासच्या टीव्हीवर, दुसरा वर्षभर बाहेर, शिष्यवृत्ती बंद, बापाच्या दुकानात टायर बदलतोय.

गाव म्हणतं मी तक्रार केली हे चुकलं. तुम्हाला सांगतो, त्याचं मला काहीच नाही. उशिरा केली, ते खातंय मला. त्याच मंगळवारी अर्ज दिला असता, तर दोघं शेजारीशेजारी बसून शिक्षा ऐकते. आणि हे पर्विसला सांगायची सोय नाही, कारण तो म्हणेल, बरं केलंत प्रोफेसर!

गेल्या महिन्यात एमेट आला. हाताला टायरचा काळा रंग. परत प्रवेश हवा तर तक्रार करणाऱ्याचंच पत्र लागतं, महिनाअखेरपर्यंत. मला राहवलं नाही, म्हटलं, एमेट, मला मॅचच्या आधीच सापडलं होतं रे.

"माहीत आहे, सर. अर्जावर तारीख होती."

वर्षभर माहीत होतं पोराला. एक शब्द बोलला नव्हता कुणापाशी. मी लगेच कागद ओढला, म्हटलं, बस, आत्ता लिहून देतो. तर दारापर्यंत गेलेला तो वळून म्हणाला, "घाई नाही, सर. शनिवारी मॅच आहे, ती झाली की लिहा." टोमणा नव्हता हो, खरंच सांगतो, त्यानं अगदी मनापासून म्हटलं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस दार लावून तिथल्या तिथं लिहायला बसला असेल. मलाही तसंच वाटलं होतं...

सोमवारी लिहिलं.