कॅमेऱ्यापुढचं ताट

दारातून बाहेर पाहायच्या होलात बसवायचा तो डिजिटल कॅमेरा घ्यायचा असंल, तर आधी माह्यं ऐका बाप्पा.

आई गेल्यावर मी बाबाले उमरेडहून हुडकेश्वरच्या फ्लॅटवर आणलं. आम्ही नवराबायको दोघंही नोकरीवर, दिवसभर बाबा एकटेच. म्हणून कॅमेरा लावला आन् त्यांना सांगितलं, "काळजी नका करू, मी ऑफिसातून तुमच्याकडे पाहत राहीन."

दुसऱ्याच दिवशी भर मिटिंगमध्ये मोबाइल वाजला. दारापुढं कोणीतरी आहे म्हणे! आलेला मेसेज बंद केला, तर पुन्हा वाजला. साहेब डोळे वटारून राहिले. चौथ्यांदा वाजल्यावर राहवलंच नाही, बाहेर पळालो आन् मोबाइल उघडला. पाहतो तर बाबाच! दाराबाहेर पॅसेजमध्ये मांडी घालून, ताट वाढून, कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेले.

मी कॅमेऱ्याच्या स्पीकरवरूनच ओरडलो, "बाबा, बाहेर काहून जेवून राहिले? शेजारचे काय म्हणतील?"

"जेवून कुठं राहिलो?" बाबा म्हणाले. "मी दिसून राहिलो ना तुले?"

"दिसून राहिले."

"मंग डबा उघड. कवाचा थांबून राहिलो तुह्यासाठी."