मुद्देमालाची पुरणपोळी

हद्दीचं तुम्ही मला काय सांगायलाव? आमच्या अप्पांच्या बैलाचं ऐका. कर्नाटकाला तवा म्हैसूर राज्य म्हणायचे. बसवकल्याणकडच्या आमच्या गोठ्यातून तो चोरीला गेला आणि महाराष्ट्रातल्या बाजारात चोरासकट सापडला.

तिकडचे फौजदार म्हणले, "चोरी म्हैसूर राज्यात झाली, केस तिकडं करा."

आमचे म्हणले, "माल तिकडं सापडलाय न्हवं? मग केसबी तिकडंच."

पुढं एका वकिलानं सांगितलं, असली केस दोन्हीकडं चालते. पण तवा आम्हाला कोण सांगणार? केसच न्हाई म्हणून चोराला सोडलं आणि केस ठरंना म्हणून बैल तिकडच्या ठाण्यात बांधून ठेवला.

कारहुणवी आली, आमच्याकडचा बैलांचा सण. अप्पा पुरणपोळी बांधून घेऊन पायी गेले. शिपाई म्हणला, "मुद्देमालाला बाहेरचं खाऊ घालता येत न्हाई."

अप्पांनी कुंपणातूनच हाक मारली. बैल दावं ताणून उभा राहिला. तीच त्यांची शेवटची भेट.

परतताना वाटेत चोर भेटला. त्यानं विचारलं, "अप्पा, बैल सुटला का?"

अप्पांनी पोळीचं गठुडं त्याच्या हातात ठेवलं. "न्हाई बाबा. तू सुटलास न्हवं, तूच खा."