दहा सोळाचा अलार्म

नाव वल्लरी उल्हास टिपरे, वय २९ वर्षे, व्यवसाय सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहणार हर्नडन, व्हर्जिनिया.

मी हर्नडन पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मला इंग्रजी येते. तरी हा जबाब सुवर्णा मोघे, वय ६३, यांना स्वतः वाचता यावा म्हणून दुभाषी प्रसन्न केळकर यांच्यामार्फत मराठीत देत आहे. त्या माझा सहकारी निहार मोघे याच्या आई. निहारकडे राहायला म्हणून त्या सप्टेंबरात नागपूरहून आल्या. तो माझ्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत असे.

निहार कंपनीच्या कामासाठी नैरोबीला गेला होता. गेल्या गुरुवारी तेथील हॉटेलवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात तो मारला गेला. पुढील वेळा व्हर्जिनियाच्या आहेत.

आमच्या टीममध्ये दर आठवड्याला दोघे ऑन-कॉल असतात. सर्व्हर बिघडला की पहिल्याच्या फोनवर अलार्म वाजतो. पाच मिनिटांत त्याने ॲपमध्ये ‘पाहतो’ हे बटण दाबले नाही, तर अलार्म दुसऱ्याकडे जातो. फोन सायलेंट असला तरी तो मोठ्याने वाजतो. तशी सेटिंग आम्ही स्वतःच करून ठेवतो. त्या आठवड्यात पहिली मी होते, दुसरा निहार. प्रवासामुळे त्याचे नाव काढू का, असे मी विचारले होते. तो म्हणाला, “राहू दे. तू असताना माझ्यापर्यंत काही येत नाही.”

सकाळी ९:५२ला त्याचा मेसेज आला : “वल्ली, हॉटेलात गोळीबार चाललाय. लाँड्रीच्या खोलीत लपलोय. चौघं आहोत.” मी फोन सायलेंट करायला सांगितले. त्याने लिहिले, “केलाय गं. शिकवू नकोस. आईला सांग, मीटिंगमध्ये आहे.”

मी खाली जाऊन काकूंना खरे ते सांगितले. त्याला कोणीही फोन करायचा नाही, असेही बजावले. त्या म्हणाल्या, “एकदा आवाज तरी ऐकू दे.” मी नाही म्हणाले.

१०:११ला माझ्या फोनवर अलार्म वाजला. मी निहारला मेसेज लिहीत होते. बाजूचे बटण दाबून मी आवाज बंद केला. ॲप उघडले नाही.

१०:१४ला काकूंनी बाथरूममध्ये जाऊन निहारला फोन लावला. त्याने तो घेतला नाही. १०:१६ला अलार्म त्याच्याकडे गेला. नवव्या सेकंदाला त्याने ‘पाहतो’ दाबले. त्यानंतर त्याचा मेसेज आला नाही.

त्या खोलीतून हॉटेलच्या कर्मचारी वांजिरू या एकट्याच वाचल्या. त्यांचा जबाब मला येथे दाखवण्यात आला. पहिल्या फोनच्या वेळी नुसती स्क्रीन उजळली व निहारने फोन पालथा ठेवला, असे त्या सांगतात. नंतर फोन मोठ्याने वाजला, बाहेर पावले थांबली आणि दार फोडले गेले.

शुक्रवारी काकू मला म्हणाल्या, “माझ्याच फोननं गेला गं तो.” भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या हेच सांगतात. अलार्मची नोंद मी गुरुवारीच दुपारी पाहिली होती. आज बुधवार. मध्ये पाच दिवस मी रोज त्यांच्याकडे डबा घेऊन गेले. काही बोलले नाही.

काकूंचा फोन वाजला नव्हता. वाजला तो अलार्म. तो माझ्याकडून पुढे गेला.

जबाब वाचून दाखवताना ‘तांत्रिक चुकीमुळे’ असे शब्द आले. ते माझे नाहीत. केळकर म्हणाले, “असू द्या हो, तेवढं वाचायला बरं वाटेल त्यांना.” मी ते खोडायला लावले. यंत्रणा ठरल्याप्रमाणेच चालली.

दुरुस्तीनंतर जबाब पुन्हा ऐकला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे. काकू बाहेर बाकावर बसल्या आहेत. प्रत त्यांना मी स्वतः देणार आहे.