सतरा काचा

...आणि वर मलाच विचारतात, "अक्कल काय गहाण टाकली होतीस?" अहो, मी साधा रखवालदार! दोन हजार वर्षांचं उघडं दगडी नाट्यगृह, रंगमंचामागे तीन मजली उंच भिंत, भिंतीला ही एवढी लांब भेग... तिच्यावर जुन्या इंजिनिअरसाहेबांनी आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आणि मला दम भरला, "नीट लक्ष ठेव. काच शाबूत, तर भिंत शाबूत!" बस्स. स्वतः झाले की निवृत्त!

आता तुम्हीच सांगा, माणूस काय करेल? महिन्याभरात एक काच तडकली. म्हटलं, कबुतरांचे उद्योग, बोंब व्हायच्या आत बदलावी! आणली, कापली, चिकटवली, रजिस्टरात लिहिलं, 'शाबूत'. मग दुसरी, मग तिसरी... तीन वर्षं, तुम्हाला सांगतो, डोळ्यांत तेल घालून! काच शाबूत, तर भिंत शाबूत!

परवा नव्या इंजिनिअरबाई आल्या. मी छाती फुगवून म्हटलं, "एक तडकलेली दाखवा बाई! सतरा बदलल्यात मी!" बाई मटकन पायरीवरच बसल्या. "अहो काका... भिंत सरकली की काच फुटावी, म्हणून तर लावतात ती! सतरा वेळा सरकलीय ही!"

त्याच भिंतीखाली तिकिटांची खिडकी, आणि खिडकीत कोण? माझी बायको! अकरा वर्षं!

धावत गेलो नाट्यगृहाच्या मॅनेजरसाहेबांकडे. "साहेब, बंद करा, भिंत येतेय खाली!" साहेब चहा फुंकत म्हणतात, "दोन हजार वर्षं आली नाही, ती नेमकी आत्ता येतेय? रविवारी कार्यक्रम आहे, पायऱ्या भरून माणसं बसणारेत. आणि रजिस्टरात सह्या कुणाच्या रे?" माझ्या. "मग? काच शाबूत, तर..."

"भिंत शाबूत," मी म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं!

काल साहेबांनी उपाय काढला. बाईंना न विचारता काचा उतरवल्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या. फुटायची भानगडच नको! परवा भेगेत करंगळी जायची... आज अंगठा जातो. रजिस्टरात लिहिलं, 'शाबूत'. खोटं आहे का?

सकाळी बायकोला हात जोडले. "अगं, रजा टाक, घरी बस!"

तिने माझ्या स्कूटरचं हेल्मेट डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला, खिडकी उघडली आणि म्हणाली, "घरी? घरच्या भिंतींवर लक्ष कोण ठेवतं?"