पेट्रोल न पिणारी गाडी

माझे पूर्ण नाव आपिसाई तोमासी नाकालेवू, वय वर्षे चौऱ्याहत्तर, आणि हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली आमच्या बेटावरच्या या सिंगाटोक्यात माझी ओळख ‘तो पेट्रोल न पिणाऱ्या गाडीवाला’ अशी करून द्यायची खोड लोकांना जडली आहे... आता मला सांगा, ज्या माणसाने लौटोकाच्या धक्क्यावर साखरेची पोती मोजता मोजता, शाळेचे तोंड फारसे न पाहता, ज्ञानकोशाचे अकरा खंड अथपासून इतिपर्यंत वाचले (बारावा मिळाला नाही, म्हणून त्यात येणाऱ्या विषयांवर मी मौन पाळतो), त्याची ओळख काय, तर गाडीवाला? आणि इथल्या ग्रंथालयाच्या बाई तरी निरोप काय धाडतात, तर ‘आपिसाईकाका, हायब्रिड गाडीला जादा पैसे मोजणे परवडते का, यावर थोडे बोला.’ थोडे! अहो, या विषयावर मी जेवढे वाचले आहे तेवढे ती गाडी बनवणाऱ्याने तरी वाचले असेल का? पण तुम्हाला सांगतो, जे घडले ते पुस्तकात नव्हते.

झाले असे की ईस्टरच्या सुमारास आमच्या जुन्या व्हॅनने चढावर प्राण सोडले. त्याच आठवड्यात ऑकलंडहून लेकीचा, मेरेसेइनीचा, फोन आला की तिला दिवस गेले आहेत, नाताळच्या आगेमागे बाळ येईल, पहिलेच आहे, आई हवी. म्हणजे घरात एकाच वेळी एक मृत्यू आणि एक जन्म, आणि दोन्हींचा खर्च माझ्या डोक्यावर! मी सुव्याला गेलो. तिथे जपानहून आलेल्या जुन्या गाड्यांचे एक आवार आहे. तिथे दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, रंग तोच, वय तेच, एक साधी पेट्रोलची आणि दुसरी हायब्रिड, म्हणजे पोटात इंजिनही आणि वीजही. विकणारा पोरगा कुजबुजत होता, जणू गाडी झोपली आहे, ‘सर, ही चालू झालेली कळतसुद्धा नाही, सर.’ मी किमतीतला फरक विचारला. त्याने सांगितला. आणि तो फरक, तुम्हाला सांगतो, बरोबर लितियाच्या ऑकलंडच्या तिकिटाएवढा होता.

लितिया म्हणजे आमची सौभाग्यवती. घरी येऊन मी तिला सगळा विषय शास्त्रशुद्ध समजावला, ब्रेक दाबला की वीज कशी तयार होते, ती बॅटरीत कशी साठते, उतारावर इंजिन कसे गप्प बसते... ती कसावा सोलत होती. सोलून झाल्यावर म्हणाली, ‘सेइनीच्या बाबा, गाडी तुम्ही ठरवा. साधी घेतलीत तर मी लेकीकडे जाते. ती दुसरी घेतलीत तर राहते. एवढं लक्षात ठेवून ठरवा.’

आता हा काय विचार करण्याचा मार्ग झाला? मी म्हणालो, बाई, तुला अर्थशास्त्राचा गंध नाही. हायब्रिड घेतली तर पेट्रोल वाचेल, वाचलेले पैसे साठतील, आणि नाताळपर्यंत त्याच पैशांतून तुझे तिकीट निघेल, म्हणजे गाडीही आली आणि तूही गेलीस! याला म्हणतात दूरदृष्टी. तरीही खात्री करावी म्हणून मी हरी दत्तला विचारले. हरी दत्त आमच्या बाजारात टॅक्सी चालवतो, त्याची टॅक्सी हायब्रिडच आहे. तो शेंगदाणे खात होता. म्हणाला, ‘काका, माझी दिवसभर पळते म्हणून वाचवते. तुम्ही आठवड्यातून दोनदा बाजाराला येता. उभ्या गाडीत काय वाचणार? आणि बॅटरी बसली की गाय विकायची तयारी ठेवा.’

म्हणजे नियम काय निघाला? जितकी जास्त चालेल तितकी जास्त वाचेल. हे तर मी वाचलेल्या गाड्यांच्या मासिकातही छापले होते! मग मी साधा तर्क केला, की कमी चालवून वाचत नसेल तर जास्त चालवू. दर आठवड्याला सुव्याचे मोठे ग्रंथालय, महिन्यातून एकदा नांदी, अधूनमधून उगीचच पुढच्या गावापर्यंत... बचतच बचत. लितियाला सांगितले. ती म्हणाली, ‘बरं.’ तुम्हाला सांगतो, बायको नुसते ‘बरं’ म्हणून थांबली की शहाण्या पुरुषाने तिथल्या तिथे निर्णय फिरवावा. पण हे पुस्तकात नव्हते. मी हायब्रिड घेतली.

गाडी गावात आली त्या संध्याकाळी यांगोनाचे, म्हणजे आमच्याकडच्या मुळीच्या पेयाचे, भांडे मांडले गेले. पाद्रीसाहेबांनी गाडीवर हात ठेवून प्रार्थना केली, सगळ्यांच्या हातून करवंटी फिरली. मी बटण दाबले, तर काय? आतून एक जपानी बाई खणखणीत आवाजात काहीतरी बोलली. गाडी जपानी, तिचा रस्ता सांगणारा यंत्रातला आवाज जपानी, तो बंद कसा करायचा ते पुस्तक जपानी. लितियाने तिला ‘बुला’ म्हणून उलट नमस्कार केला, आणि आमचा सैलोसी खदाखदा हसू लागला.

सैलोसी माझा आतेभाऊ. आमच्यात आतेभाऊ-मामेभाऊ एकमेकांना तवाले म्हणतात, आणि तवाल्याने तवाल्याची टर उडवायची हा पूर्वजांपासून चालत आलेला हक्क आहे, त्यावर रागवायचीसुद्धा सोय नाही! तो म्हणाला, ‘तवाले, एवढे पैसे मोजलेस आणि वर एक बाई घेऊन आलास?’ सगळे हसले. मग मला राहवेना. माणसाने इतके वाचलेले असताना हशा सहन का करावा? मी उठलो, घसा साफ केला आणि तपशीलवार सांगितले, की मित्रहो, ही साधी गाडी नव्हे, ही चालता चालता स्वतःचे अन्न स्वतः शिजवते, उतारावर पेट्रोलचा थेंब घेत नाही, थांबली की इंजिन झोपते, हिला खर्च जवळजवळ नाहीच. शेवटचे वाक्य, तुम्हाला सांगतो, मी दोनदा म्हणालो. हशा थांबला. सगळे गाडीकडे निराळ्याच नजरेने बघू लागले. मला वाटले, आदर आहे.

आदर नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी सैलोसी दारात येऊन खाली मान घालून बसला आणि म्हणाला, ‘तवाले, केरेकेरे.’

केरेकेरे म्हणजे, भाऊबंदाने वस्तू मागितली की द्यायची. मागणाऱ्याला लाज नाही आणि देणाऱ्याला सुटका नाही. नाही म्हणणारा माणूस गावात राहतो खरा, पण त्याच्या मयताला खांदे मोजूनच मिळतात! आमची जुनी व्हॅनही लोक न्यायचे, नाही असे नाही. पण तिच्यावेळी एक अलिखित शिस्त होती, नेणाऱ्याने पेट्रोल भरायचे. त्यामुळे जो तो मागण्यापूर्वी खिसा चाचपायचा, आणि निम्मे लोक पायीच जायचे. आता या गाडीला पेट्रोल लागतच नाही, हे कोणी सांगितले होते? मी. दोनदा.

मग काय विचारता! दालोचे कंद बाजारात न्यायचे, केरेकेरे. पलीकडच्या गावात मयत, केरेकेरे. सैलोसीच्या बायकोच्या मावशीचा दात दुखतो, दवाखाना चार पावलांवर, तरी केरेकेरे. रग्बीच्या संघातले सर्वांत रुंद असे गडी त्या एवढ्याशा गाडीत कोंबून सामन्याला गेले, परत आले तेव्हा गाडी जमिनीला पोट घासत होती आणि पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता. मी विचारले, अरे, पेट्रोल? सैलोसी म्हणाला, ‘तवाले, येताना सगळा उतारच होता की.’ आणि जाताना? जाताना म्हणे चढ होता, पण सगळे गात होते, म्हणून कोणाचे लक्ष नव्हते... आता या उत्तराला काय प्रत्युत्तर द्यायचे? पुस्तकात नव्हते!

बरे, गाव कृतघ्न म्हणावे तर तेही नाही. गाडी परत यायची तेव्हा मागच्या सीटवर काहीतरी ठेवलेले असायचे, कधी अळूच्या पानांची जुडी, कधी ताजा मासा. मासा ठेवायचे पण सांगायचे नाहीत. उन्हात दिवसभर उभ्या गाडीत तो मासा स्वतःच आपली ओळख करून द्यायचा. सुव्याच्या मोठ्या ग्रंथालयात मी एकदाच जाऊ शकलो, आणि माझ्या टेबलाभोवतीची माणसे एकेक करून उठून गेली.

शेवटी मी ठरवले की बुद्धी वापरायची. ही गाडी सुरुवातीला विजेवर निघते, आवाज नाही. पहाटे गाव झोपेत असताना निघालो तर मागणार कोण? मी अनवाणी बाहेर आलो, दार हलकेच लावले, श्वास रोखून बटण दाबले... आणि ती जपानी बाई गावभर ऐकू जाईल अशा सुरात माझे स्वागत करू लागली. मी हाताने तिचे तोंड दाबायला गेलो, पण तोंड कुठे आहे ते कळेल तर ना! शेजारी आपल्या पडवीत झोपलेला सैलोसी उठून बसला. म्हणाला, ‘तवाले, एवढ्या पहाटे कोणत्या बाईला घेऊन निघालास? लितियाताईला उठवू?’ आणि तिला न उठवण्याच्या बदल्यात गाडीत येऊन बसला. त्याला वाटेत त्याच्या काकाकडे सोडायचे होते. काका डोंगरात राहतो.

गंमत बघा. मासिकातला नियम काय होता? जितकी जास्त चालेल तितकी जास्त वाचेल. त्या हिशेबाने गाडी अहोरात्र चालत असल्यामुळे आमची बचत प्रचंड होत होती! साध्या गाडीने एवढे पळायचे तर किती पेट्रोल लागले असते, त्याच्या निम्मेच लागत होते. शास्त्राप्रमाणे मी गावातला सर्वांत जास्त बचत करणारा माणूस होतो, फक्त ती बचत पंपावर उभा राहून मी खिशातून भरत होतो. जमा काही होत नव्हते. लितियाने कधी विचारले नाही. आणि तिने विचारले नाही, याचाच मला जास्त धाक वाटू लागला.

डिसेंबर लागला तसे बाळ थोडे लवकरच आले. मुलगी. मेरेसेइनीने फोनवर बाळाचे तोंड दाखवले, पण आमच्याकडे संपर्क असा की नातीचा एक कान दिसला आणि चित्र गोठले. लितिया बराच वेळ त्या कानाकडे बघत राहिली. लेक पलीकडून म्हणाली, ‘आई, तू येणार होतीस ना गं?’ लितिया म्हणाली, ‘येते गं, बाबांची बचत होऊ दे.’ टोमणा नव्हता हो... टोमणा असता तर मी उत्तर दिले असते, माझ्याकडे अकरा खंड आहेत. मग तिने प्रवासासाठी शिवलेला पोशाख इस्त्री केला, घडी घातली, आणि परत पेटीत ठेवला. तुम्हाला सांगतो, त्या दिवशी मी एक ओळसुद्धा वाचू शकलो नाही.

पण रविवारी प्रार्थना संपल्यावर तोच पोशाख अंगात घालून लितिया घराबाहेर पडली. मला वाटले, बायकांच्या मंडळात चालली असेल. ती गेली सैलोसीच्या घरी. चटईवर बसली, खाली मान घातली आणि म्हणाली, ‘दादा, केरेकेरे. तिकिटाला पैसे कमी पडतायत.’

सैलोसीचा चेहरा, अहाहा! आणि नाते बघा, माझा तवाले म्हणून माझी बायको त्याची बहीण लागते, आणि बहिणीला नाही म्हणणारा भाऊ आमच्या बेटावर अजून जन्मायचा आहे. तो म्हणाला, ‘ताई, पैसे कुठले? डुक्कर आहे फक्त.’ ती म्हणाली, ‘मग डुक्कर चालेल.’

तिथून ती डोंगरातल्या काकाकडे गेली, मग दातवाल्या मावशीकडे, मग रग्बीच्या गड्यांकडे. ते एवढे रांगडे गडी, मैदानात माणसे आडवी करणारे, पण तिच्यापुढे शाळेतल्या पोरांसारखे बसले आणि सामन्याच्या बक्षिसातून देतो म्हणाले. ज्याने ज्याने गाडी नेली त्याच्या त्याच्या दारात ती बसली, आवाज न चढवता, हिशोब न काढता, गाडीचे नावसुद्धा न घेता. तिकीट निघाले. वर बाळासाठी चटया निघाल्या, नारळाचे तेल निघाले, दालोची अख्खी टोपली निघाली, ती विमानवाल्यांनी घेऊ दिली नाही तो भाग निराळा. मी इतकी वर्षे ज्या गावात राहिलो त्या गावाकडे असेही मागता येते, हे मला सुचले नाही, कारण पुस्तकात नव्हते.

तिला नांदीच्या विमानतळावर पोहोचवायचे त्या दिवशी आमची गाडी अर्थातच घरी नव्हती. लग्नाला गेली होती. कोणाच्या, ते मी विचारणे सोडले आहे. मग हरी दत्तला बोलावले. मी पुढे बसलो, ती मागे आपल्या चटयांमध्ये. उतारावर इंजिन गप्प झाले आणि गाडी तरंगत निघाली, तशी लितिया पुढे वाकली, मीटरवर आकडे पडत होते ते तिने बराच वेळ बघितले, आणि म्हणाली, ‘सेइनीच्या बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं. परवडते की हायब्रिड. फक्त असा डबा लावावा लागतो.’

हरी दत्त इतका हसला की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. मीटर चालूच होता.

ती गेली. महिन्यासाठी म्हणून गेली होती, अजून तिथेच आहे, नात मांडीवरून उतरत नाही म्हणते. गाडी बहुतेक सैलोसीकडे असते, आणि मी सिंगाटोक्याला बसने येतो.