तांदळातलं नाव

माझी आठवण कितपत खरी, देव जाणे. पण वाशीच्या हॉलमध्ये माझ्या पुतणीचं, पल्लवीचं लग्न होतं. मुलगा कॅनडात नोकरीला. पल्लवीच्या सासूबाईंनी तांदळाचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. "लिही, 'स्वरा'. आमच्यात सुनेचं नाव बदलतात."

पल्लवीचा चेहरा उतरला. एकदम तिने मलाच विचारलं, "काका, तुम्ही क्युबेकचा इतिहास शिकवलात ना? तिथे चालतं हे?"

मी ताठ झालो. "छे! कॅनडातला फ्रेंच बोलणारा प्रांत तो. एके काळी चर्च म्हणेल ती पूर्व दिशा. मग लोकांनी सगळं उलटवलं. आता कायदाच आहे, लग्नानंतर बाईने जन्माचंच नाव लावायचं."

"नक्की ना, प्रोफेसरसाहेब?" सासूबाईंनी विचारलं. "पोराला तिकडे टेन्शन नको."

मनातून खात्री नव्हती, तरी म्हणालो, "शंभर टक्के!"

नवरदेवाने हसू दाबत अंगठीने तांदळात लिहिलं, 'पल्लवी'.

काही वर्षांनी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा खात्री करून घेतली. कायदा अगदी खरा होता. फक्त त्यांचं घर क्युबेकच्या सीमेवरच्या नदीच्या दुसऱ्या काठाला, शेजारच्या इंग्रजी प्रांतात होतं; तिथे तो लागूच नव्हता. आणि हे दोघांनाही लग्नाआधीपासून माहीत होतं.